किहीमला किहीमकर का सापडत नाहीत?

आडनावाचा पत्ता
वाचकांचे प्रश्न, निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंची उत्तरं

प्रश्न : मी जन्मापासून किहीमला राहतो. वय 71. नातू पुण्याला शिकतो, त्यानं फुलपाखरांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलंय. लेखकाचं आडनाव किहीमकर. मला विचारतो, "आजोबा, हे आपल्या गावचे का?" माझ्या ओळखीत गावात एकही किहीमकर नाही, वडिलांच्या तोंडूनही कधी ऐकला नव्हता. मग हे आडनाव आलं कुठून? आणि ही माणसं असतात कुठं?
– एक वाचक, किहीम, ता. अलिबाग

भाऊ, आधी मीच तुम्हाला एक विचारते. तुमच्याकडे समुद्राच्या अंगाला शनिवार-रविवारचे बंगले झालेत. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याच्या बोटीतून उतरून चोंढी नाक्यावर भाजी घेणाऱ्या त्या मंडळींना तुम्ही काय म्हणता? 'मुंबईकर आले.' हेच लोक मुंबईत आपल्या सोसायटीच्या जिन्यात भेटतात तेव्हा त्यांना मुंबईकर म्हणून कोण हाक मारतं? कोणी नाही. (पुणेकरांना हा नियम लागू नाही. ते पुण्यात बसूनही पुणेकरच असतात.)

किहीमकरांचं तेच झालं. किहीममध्ये सगळेच किहीमचे, तिथं हे नाव लावून कोण कोणाला ओळखणार? घर उठलं, अलिबागेला नाहीतर मुंबईत डोंगरीला बिऱ्हाड टाकलं, आणि शेजाऱ्यानं विचारलं, "कुठचे तुम्ही?" त्या दिवशी घरातला माणूस किहीमकर झाला. त्यामुळे हे आडनाव तुमच्या गावात न सापडणं यात नवल नाही. सापडलं असतं तर मी चकित झाले असते.

आता तुमच्या नातवाच्या पुस्तकाचं. लेखक आयझॅक किहीमकर. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आयुष्य घालवलेले, फुलपाखरांचे मोठे जाणकार. पहिलं नाव पाहिलंत ना? आयझॅक. तुमच्या आजोबांच्या पिढीनं या नावाचं मराठी रूप 'इसाजी' असं ऐकलं असेल. किहीमकर हे मुख्यत्वे बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, आडनाव आहे. आपल्याकडे ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ते लोक.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी 1979 साली टपाल खात्यात लागले. सॉर्टिंग ज्यांच्या हाताखाली शिकले ते मोठे बाबू बेने इस्रायल होते. त्या काळी या समाजाची कितीतरी माणसं पोस्टात, रेल्वेत, कस्टममध्ये असायची. बाबूंची शिकवण एकच : "नाव वाचू नको पोरी, गाव वाच." खाने समोर असत, पत्रांचा गठ्ठा डाव्या हातात, उजवा हात चालत राहिला पाहिजे. मी आपली प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचत बसायची आणि मागे पडायची. त्या गठ्ठ्यात अधूनमधून निळसर एरोग्राम येई. इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा असे शिक्के, आणि पत्ता चक्क मराठीत, वळणदार देवनागरीत. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. तिकडून येणाऱ्या पत्रांवर मात्र पुढं कितीतरी वर्षं 'जि. कुलाबा' असंच असायचं. गाव सोडताना त्यांनी जिल्ह्याचं जे नाव नेलं, तेच त्यांच्यापाशी राहिलं.

बाबूंच्या दारावरच्या पाटीवर दोनच नावं होती. स्वतःचं आणि वडिलांचं, दोन्ही बायबलातली. नोकरीच्या कागदावरही तेवढंच. एकदा त्यांच्या घरी मलिद्याला गेले (पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं करतात), तेव्हा जमलेल्या म्हाताऱ्या बायका त्यांना सरळ 'किहीमकरांचा थोरला' म्हणत होत्या. दोन वर्षं शेजारी बसून काम करत होते मी, आणि हे नाव मला माहीत नव्हतं.

तर मूळ. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तुमच्याच किनाऱ्यावर, नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावात मूठमाती दिली. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं मागं नेतं, कोणी त्याहून बरंच अलीकडे आणतं. मला त्या वादात रस नाही. वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली आणि तेल गाळू लागली, हे मात्र त्यांच्या नावावरूनच दिसतं. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली वेगळे.

गाव तिथे घाणा, आणि एका गावाला तेलाची गरज ती किती? एक-दोन घरांचं पोट भरेल एवढीच. माझ्या मते या आडनावांच्या दुर्मिळपणाचं निम्मं उत्तर या घाण्यात आहे. एका गावात शंभर घरं असती तर आज शंभर घरांचा विस्तार दिसला असता. इथं मुळातच गावागणिक मूठभर कुटुंबं. अलिबागेहून निघा आणि मोजा : किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, आवासचे आवासकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. किहीमला लागून झिराड. तिथले नुसतेच 'झिराड', कर न लावता. हे जुनं मानाचं घराणं. समाजात धर्मविधी चालवायला जे काजी नेमले गेले, त्या तीन घराण्यांत झिराड येतात, शहापूरकर आणि राजपूरकर यांच्याबरोबर. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या, 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच नावाच्या. मांडव्याच्या रस्त्यावर झिराडची पाटी दिसली की मला त्या आठवतात. बरोबरच्या लोकांना मी हे सांगते, ते 'हो का' म्हणतात आणि कोळंबीचा विषय काढतात.

बरं, ही माणसं किहीममधून उठली का? तेलावर भागेना म्हणून काही, आणि शेजारी इंग्रजांची मुंबई वाढू लागली म्हणून बाकीचे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे लोक मुंबईला जाऊ लागले. कोणी सुतारकाम-गवंडीकामात शिरले, कोणी गोदीत, आणि पुष्कळ कंपनी सरकारच्या पलटणीत. पलटण गेली तिथं कुटुंब गेलं : पुणे, अहमदाबाद, कराची, एडन. कराचीचं मागेन शालोम नावाचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) 1893 साली बांधलं ते सोलोमन डेव्हिड उमर्डेकर या गृहस्थांनी. नाव ऐका : पहिली दोन बायबलातली, तिसरं थेट आपल्या भागातलं. ते सिनेगॉग 1988 साली पाडलं, तिथं दुकानांची इमारत आली. कराचीत आज 'कर' शोधायला गेलात तर दगडावरच सापडतील, कबरीच्या.

किहीमकरांपैकी सगळ्यात आधी नाव गाजवलं ते हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी. जन्म 1830. समाजातल्या मुलांसाठी मुंबईत 1875 साली शाळा काढण्यात ते पुढं होते. तीच पुढं सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. पण माझ्यासारखीला ते जवळचे वाटतात ते दुसऱ्या कारणानं. त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. कोण कुठल्या गावचं, कुठली आडनावं, लग्नात काय करतात, कोणत्या नावाचं मराठीत काय झालं. अब्राहमचं अबाजी, बेंजामिनचं बुनाजी, सॅम्युअलचं समाजी, एलियाचं एलोजी, मोझेसचं मुसाजी. हस्तलिखित 1897च्या सुमारास तयार होतं. छापलं गेलं 1937 साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, लेखकाच्या पश्चात, आणि तेही तेल अवीवला! किहीमची माणसं गठड्या बांधून तिकडं जायला अजून दहा-बारा वर्षं होती. गावाचं नाव मुखपृष्ठावर बसून आधीच पोचलं होतं.

इथवर आडनाव कसं पसरलं ते झालं. ते विरळ कसं झालं, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कारण त्यात माझ्या खात्याचा, म्हणजे कागदाचा, हात आहे.

आपली मराठी रीत तीन नावांची : स्वतःचं, बापाचं, घराण्याचं. इंग्रजी शाळेतल्या, पलटणीतल्या, रेल्वेतल्या कारकुनाला तिसरं नाव जड जायचं. पहिली दोन त्याच्या बायबलात होती, ती तो डोळे मिटून लिहायचा. Kihim, Kehim, Khimकर असली माथेफोड करण्यापेक्षा दोनवर भागवलं. आधी हे पिढीगणिक बदलत होतं : बाप मोझेस असेल तर मुलगा अमुक मोझेस, नातू आणखी काही. मग एका पिढीशी ते थिजलं. कवी निस्सीम इझिकेल यांचं पाहा. वडील मोझेस इझिकेल, विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जुन्या रीतीनं मुलगा निस्सीम मोझेस व्हायला हवा होता. झाला निस्सीम इझिकेल. बापाच्या बापाचं नाव कायमचं आडनाव होऊन बसलं आणि त्यांच्या गावाचं नाव कागदावरून गळालं.

महालक्ष्मीहून वरळीकडं जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो. हे डॉक्टर 1937 साली मुंबईचे महापौर झाले. एलिजा मोझेस राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर राजपूरकर नाही. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात का? पडद्यावर नुसते 'डेव्हिड'. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तुमच्या पिढीनं त्यांना शंभर वेळा पाहिलं असेल, आणि चौल तुमच्यापासून सायकलच्या टप्प्यात असूनही हे आपल्याकडचे आहेत असं कोणाच्या मनात आलं नसेल. सगळ्यांचंच नाव गळालं असंही नाही. एरुळकर घ्या. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूनं काम करणाऱ्या वकिलांत डेव्हिड एरुळकर होते. डॉ. अब्राहम एरुळकरांनी गांधीजींच्या प्रकृतीकडं पाहिलं. डॉक्टरांची मुलगी लीला हिनं ग्लाफ्कोस क्लेरिडीस यांच्याशी लग्न केलं, आणि ते 1993 साली सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झाले. निकोसियाच्या राष्ट्राध्यक्ष निवासात एक कोकणातली माहेरवाशीण दहा वर्षं होती.

तुमचा शेवटचा प्रश्न, ही माणसं आहेत कुठं. 1948च्या सुमारास आपल्याकडे बेने इस्रायल 20 हजारांच्या आसपास होते. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक इस्रायलला गेले. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. त्यात किहीमकर असून असून किती असणार? माझा अंदाज विचाराल तर आज हे आडनाव दिमोना-अश्दोदकडं रायगडपेक्षा जास्त वेळा हाकारलं जात असेल. अलिबागेत इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला (लोणावळ्याकडचं नव्हे) एलियाहू हन्नाबीच्या घोड्याच्या टापा दाखवतात आणि परदेशातून माणसं बसनं तिथं येतात. नातवाला एखाद्या सुट्टीत घेऊन जा. किहीमपासून दूर नाही.

जाता जाता त्याला हेही सांगा : सलीम अलींनी सुगरणीची घरटी पाहिली, तिचा संसार टिपला, तो 1930च्या सुमारास किहीमलाच, बायकोच्या माहेरच्या घरात राहून. म्हणजे पक्ष्यांचा माणूस मुंबईहून किहीमला आला, आणि किहीमकर मुंबईला जाऊन फुलपाखरांचा माणूस झाला. दोघांची संस्था एकच.

---

प्रश्न : मागच्या अंकात आपण म्हटलंत की बेने इस्रायलांत दिवेकर असतात. आम्ही दिवेकर, कोकणस्थ. घरात यावरून बराच गोंधळ झाला. थोरल्या काकांनी तर अंकच फाडला. आमचा त्यांच्याशी संबंध काय?
– एक वाचक, पुणे

आधी काकांना माझा नमस्कार सांगा आणि अंक पुन्हा विकत घ्यायला सांगा.

मागच्या वेळी चूक माझी झाली. मी घाईत लिहून गेले आणि ते 'हे आडनाव ज्यूंचं' असं वाचलं गेलं. गावावरून पडलेलं आडनाव कोणा एका जातीचं नसतं. दिवेआगराहून ब्राह्मण उठला तर दिवेकर, तेली उठला तर दिवेकर, कोळी उठला तरी दिवेकरच. शिवाय पुरंदर तालुक्यातलं दिवे घाटावरचं दिवे वेगळं, तिथून उठलेले आणखी वेगळे. दांडेकर, पेणकर, नागावकर यांचंही असंच. आडनाव जुळलं म्हणून रक्त जुळत नाही. फार तर एका विहिरीचं पाणी जुळतं. जात शोधायची असेल तर आडनाव हे अगदीच कुचकामी हत्यार आहे, आणि शोधायची कशाला हा प्रश्न मी काकांसाठी सोडून देते.

पण तुमच्या आडनावाचा एक माणूस काकांना सांगण्याजोगा आहे. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकेल. कंपनी सरकारच्या फौजेत कमांडंट. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. कैद्यांत 'बेने इस्रायल' हे नाव ऐकून टिपूच्या आईनं रदबदली केली म्हणून जीव वाचला, असं त्या समाजात सांगतात. खरंखोटं तीच माउली जाणे. सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं पहिलं. त्या काळी हे लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. ती झाली जुनी मशीद, आणि तिच्यावरून मध्य रेल्वेच्या स्टेशनाला मस्जिद हे नाव पडलं. सॅम्युअल स्ट्रीट हे त्यांच्याच नावाचं. पुढं तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) आणायला म्हणून ते कोचीनला गेले आणि तिथंच 1797 साली वारले.

म्हणजे काका मस्जिद बंदरला सुकामेवा घ्यायला उतरतात तेव्हा एका दिवेकरानंच दिलेल्या नावाच्या फलाटावर पाय ठेवतात. हे ऐकून त्यांचा राग जाईल की वाढेल, मला कळवा.

---

प्रश्न : माझा जन्म मुंबईत भायखळ्याचा, 1963 साली आईवडिलांबरोबर इथं आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. मराठी बोलते, लिहायला वेळ लागतो, चुका माफ कराव्या. आमचं आडनाव किहीमकर. इथल्या शाळेत बाई हजेरीत प्रत्येक वेळी वेगळंच वाचायच्या. भावानं कंटाळून हिब्रू आडनाव घेतलं. आता माझा नातू जुनं आडनाव परत लावायचं म्हणतो. कागदावर ते कसं लिहावं? आणि आम्ही किहीमचेच हे दाखवायला काही पुरावा मिळेल का?
– एक वाचक, लोद, इस्रायल

ताई, तुमच्या मराठीत मला एकच चूक सापडली, आणि ती मीही करते.

बाईंचा दोष नाही. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत. क, ह, म, क, र आणि मधे एखादा य. ज्यानं किहीम पाहिलेलं नाही तो याचं केहिमकर करेल, कहामकर करेल, आणखी काहीही. त्यात इंग्रजीचा गोंधळ. हाईम सॅम्युअल यांनी पुस्तकावर Kehimkar लिहिलं, तेच पुढं रूढ झालं. गावाच्या पाटीवर मात्र इंग्रजीतही 'कि' आहे. नातवाला सांगा, इंग्रजीत घराण्यात जे चालत आलंय तेच ठेव, नाहीतर आजोबांच्या कागदाशी तुझा कागद जुळणार नाही आणि खिडकीमागचा माणूस तुला उद्या या म्हणेल. चौतीस वर्षं मी त्या खिडकीमागं होते, मला माहीत आहे. हिब्रूत मात्र त्यानं एकदा तरी स्वरचिन्हं देऊन लिहून ठेवावं, आणि जमलं तर बाजूला देवनागरीत.

तुम्ही गेलात ती वर्षं मला बाबूंच्या बोलण्यातून माहीत आहेत. त्यांची बहीण तिकडं होती. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयानं हुकूम काढला, की बेने इस्रायलांचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा, जाईल तितकं मागं जा. लोक चिडले, 1964 साली जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा त्या हुकमातून यांचं नाव निघालं. त्या दोन वर्षांत बहिणीची पत्रं यायची : आजीचं माहेर कुठलं ते कळव, पणजीचं गाव कोणतं ते मामीला विचार. बाबू रविवारी अलिबाग, रेवदंडा, पनवेल करत फिरायचे आणि म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहून घ्यायचे. ती वही मी पाहिली आहे. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला हिब्रूत. पानापानावर 'कर'. कागदावरून दोन पिढ्यांपूर्वी गळालेली गावं त्यांनी तिकडं सिद्ध करण्यासाठी इकडून पुन्हा गोळा केली.

मला वाटतं तुमच्या घरीही असली एखादी वही असावी. 1963 साली आलेल्या बहुतेक घरांत असणार. आईच्या ट्रंकेत पाहा. ती नसेल तर आईवडिलांचा कतुबा (लग्नाचा करारनामा) पाहा. जुन्या लग्नपत्रिका पाहा, लग्नपत्रिकेत माणसं पूर्ण नाव लावतात. आजोबा पलटणीत किंवा रेल्वेत असतील तर पेन्शनची कागदपत्रं. इकडची बाजू मी पाहू शकते. भायखळ्याला तुम्ही कोणत्या सिनेगॉगला जात होतात ते लिहा, लग्नाची नोंद तिथं विचारता येईल. आणि आजी-आजोबा इकडं वारले असतील तर कुठं पुरलं ते कळवा. मुंबईत असतील तर बहुधा वरळी. तिथल्या दगडांवर हिब्रू, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही लिप्या असतात, आणि माझा अनुभव असा की गावाचं नाव इंग्रजी ओळीत नसलं तरी मराठी ओळीत असतं. माझी भाची वरळीलाच राहते, फोटो काढून आणेल.

पत्र मराठीतच लिहा, वेळ लागला तरी चालेल. कागदांच्या झेरॉक्सच पाठवा, मूळ कागद पाठवू नका. मी पोस्टातली असूनही सांगते आहे. आणि पत्त्यावर जि. रायगड लिहा. कुलाबा लिहिलंत तरी मला पोचेल, पण हल्लीची सॉर्टिंगची मुलं दक्षिण मुंबईला पाठवतील.